सुधीर पटवर्धन यांची चित्रे कशी पाहावीत? पाच दशकांतले विषय आणि तंत्र

लोकलच्या डब्यातली माणसे, इराणी हॉटेलात टेबलाशी बसलेला माणूस, नाल्याकाठची वस्ती, उड्डाणपूल, अर्धवट बांधलेल्या इमारती. मुंबई-ठाण्यात राहणारा माणूस हे सगळे रोज बघतो आणि पुढच्या क्षणी विसरतो. सुधीर पटवर्धन यांनी जवळपास पन्नास वर्षे हेच रंगवले आहे.

त्यांची चित्रे समजायला अवघड नाहीत. माणूस माणसासारखा दिसतो, रस्ता रस्त्यासारखा. तरीही त्यांच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले की काहीतरी खटकू लागते. हा पूल इथे कसा? या खोलीतून इतके लांबचे कसे दिसते? चित्रातला माणूस आपल्याकडे बघतोय, की आपण त्याच्याकडे बघतोय? ही गोंधळात टाकणारी रचना जाणूनबुजून केलेली आहे. ती का केली, हे समजले की पटवर्धनांची सगळी कारकीर्द उलगडत जाते.

थोडक्यात ओळख

- जन्म : १९४९, पुणे
- शिक्षण : वैद्यकीय पदवी, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, पुणे
- व्यवसाय : रेडिओलॉजिस्ट, ठाणे. २००५ च्या सुमारास व्यवसाय थांबवून पूर्णवेळ चित्रकला
- पहिले एकल प्रदर्शन : १९७९, दिल्ली
- गाजलेली चित्रे : ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘टाउन’ (१९८४), ‘नाला’ (१९८५), ‘लोअर परळ’ (२००१), ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’ (२०१४)
- सिंहावलोकन प्रदर्शन : ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, मुंबई, २०१९-२०

दिवसा डॉक्टर, उरलेल्या वेळात चित्रकार

पटवर्धन कोणत्याही कला महाविद्यालयात शिकलेले नाहीत. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच ते स्वतःच्या स्वतः चित्रे काढू लागले. १९७३ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे ठाण्यात स्थायिक झाले. तिथे सुमारे तीस वर्षे त्यांनी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले.

मुंबईच्या कलाविश्वात ते एकटेच डॉक्टर-चित्रकार नव्हते. त्यांचे मित्र, कवी आणि चित्रकार गीव्ह पटेल हेही डॉक्टर होते. रुग्णांच्या निमित्ताने दोघांनाही रोज अशी माणसे भेटत, जी एरवी कलादालनाच्या दारातही दिसत नाहीत : कामगार, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया, म्हातारी माणसे. डॉक्टरसमोर माणूस आपले शरीर उघडे करतो, दुखणे सांगतो आणि निघून जातो. त्यात जवळीक असते आणि अंतरही असते.

तरुणपणी पटवर्धनांवर मार्क्सवादी विचारांचा प्रभाव होता. श्रम करणाऱ्या माणसाला चित्राच्या मध्यभागी आणायचे, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. पण त्यातून एक अडचण उभी राहिली. ती त्यांच्या चित्रांना आजही सोडत नाही.

मूळ प्रश्न : बघणाऱ्याचा हक्क काय?

डॉक्टर असलेला, मध्यमवर्गीय, शिकलेला चित्रकार कामगाराचे चित्र काढतो. ते चित्र कलादालनात लागते आणि त्याहूनही सुस्थितीतला माणूस ते विकत घेतो. मग ज्याचे चित्र आहे, त्याचे या सगळ्यात काय?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे असतात. एक म्हणजे गरिबाला दयनीय दाखवायचे, म्हणजे बघणाऱ्याचे मन हेलावते. दुसरे म्हणजे त्याला पोस्टरवरच्या वीरासारखा, मूठ आवळलेला रंगवायचे. पटवर्धनांनी दोन्ही वाटा टाळल्या. ज्यांची चित्रे आपण काढतो, त्यांना त्या चित्रांत स्वतःची प्रतिमा दिसावी, ही आपली इच्छा त्यांनी वेळोवेळी मांडली आहे. इतरांनी त्यांच्याबद्दल बनवलेली प्रतिमा त्यांना नको होती.

समीक्षक रणजित होस्कोटे यांनी २००४ मध्ये पटवर्धनांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात त्यांना ‘कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर’ म्हटले आहे. म्हणजे असा बघणारा, जो नुसता बाजूला उभा नाही. जे घडते आहे त्यात त्याचाही हात आहे, आणि त्याला ते माहीत आहे. पटवर्धनांचे विषय बदलत गेले, तंत्रही बदलत गेले. प्रत्येक बदलाच्या मुळाशी हाच प्रश्न दिसतो.

विषय पहिला : शरीर

सत्तरच्या दशकातल्या चित्रांत बहुतेक वेळा एकच माणूस असतो किंवा मोजकीच माणसे असतात, आणि त्यांनी जवळपास सगळा कॅनव्हास व्यापलेला असतो. शरीरे जड, घट्ट आणि काहीशी बेढब आहेत. दंड, मान, पोट यांचे वजन जाणवते. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे याच काळातले चित्र. हॉटेलात बसलेला एक सामान्य माणूस त्यात एखाद्या राजाच्या व्यक्तिचित्रात शोभेल एवढी जागा घेतो.

या घट्टपणामागे दोन फ्रेंच चित्रकारांचा अभ्यास आहे. पॉल सेझान यांच्याकडून पटवर्धनांनी रंगाच्या छोट्या छोट्या पट्ट्यांनी वस्तूला वजन द्यायला शिकून घेतले. फर्नांड लेजे यांनी कामगारांची शरीरे नळकांड्यांसारखी, यंत्राच्या भागांसारखी रंगवली होती. त्याचाही ठसा सुरुवातीच्या चित्रांवर आहे.

पण लेजेचे कामगार गुळगुळीत आणि निरोगी आहेत. पटवर्धनांची माणसे थकलेली आहेत. पाय सुजलेले, खांदे उतरलेले, चेहरा कामावरून घरी जातानाचा. इथे चित्रकारातला डॉक्टर दिसतो. रोज शरीरे तपासणाऱ्याला कष्ट अंगावर कुठे साठतात हे ठाऊक असते. हे शरीर करुणेची याचना करत नाही. कुणाला आवडो न आवडो, ते आपली जागा घेऊन बसलेले असते.

१९८१ : चित्रात माणसांना जागा

हे सगळे त्या काळात वेगळे का वाटले, ते समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. साठ आणि सत्तरच्या दशकांत भारतीय चित्रकलेत अमूर्त शैलीचा मोठा दबदबा होता. रंग, पोत, अवकाश यांवर भर असलेली ही चित्रे होती. त्यात रस्त्यावरचा माणूस फारसा नव्हता.

१९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत झाले. त्यात सहा चित्रकार होते : भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि सुधीर पटवर्धन. समीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी लेख लिहिला. माणूस, त्याची गोष्ट आणि त्याचा परिसर चित्रात परत आणायचा, ही या सर्वांना जोडणारी भूमिका होती. आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासात हे प्रदर्शन एक महत्त्वाचे वळण मानले जाते.

सहाही जणांची वाट मात्र वेगळी होती. खक्करांच्या चित्रांत मिश्किलपणा आणि खासगी आयुष्य आहे, शेखांच्या चित्रांत आठवणी आणि पुराणकथा आहेत. पटवर्धनांनी आपल्या डोळ्यांसमोरचे कामगारांचे शहर धरून ठेवले.

विषय दुसरा : ठाणे, म्हणजे शहराची कड

ऐंशीच्या दशकात चित्रातली माणसे लहान होऊ लागली आणि भोवतालचा परिसर मोठा झाला. ‘टाउन’ आणि ‘नाला’ ही या बदलाची ठळक उदाहरणे आहेत.

परिसर कोणता, हे महत्त्वाचे आहे. मुंबईची चित्रे म्हटली की मरीन ड्राइव्ह, गेटवे, फोर्टमधल्या दगडी इमारती आठवतात. पटवर्धनांचे शहर बहुतेक वेळा तसे नाही. ते ठाण्याचे आहे. कारखाने, चाळी, झोपड्या, खोदलेले डोंगर, नव्याने उगवलेले सिमेंटचे मजले आणि मधूनच शिल्लक राहिलेले झाड. गाव संपलेले नाही आणि शहर पुरते सुरू झालेले नाही, अशी ही जागा. १९९० च्या आसपासच्या ‘पोखरण’ या चित्राचे नावही राजस्थानातल्या अणुचाचणीच्या गावावरून आलेले नाही. ते ठाण्यातल्या पोखरण परिसराचे आहे.

एका माणसाचे चित्र काढताना त्याच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला कळते असा आव चित्रकाराला आणावा लागतो. परिसर रंगवला की तो आव सुटतो. हा माणूस कुठे राहतो, किती चालतो, त्याच्या वाट्याला किती उजेड येतो, एवढेच चित्र सांगते. पण लांबून पाहिले की माणूस ठिपका होण्याचा धोका असतो. पुढच्या चित्रांत ही ओढाताण सतत दिसते.

तंत्र : एका चित्रात अनेक जागा

पटवर्धनांच्या शहरचित्रांसमोर होणारा गोंधळ इथून सुरू होतो. चित्र एखाद्या फोटोसारखे दिसते, पण तशी जागा शोधायला गेलात तर सापडणार नाही.

ते प्रत्यक्ष जागी फिरतात, रेखाटने करतात, फोटोंचाही आधार घेतात. मग स्टुडिओत वेगवेगळ्या ठिकाणांचे तुकडे जोडून एक नवी जागा उभी करतात. एका उपनगरातला पूल, दुसऱ्याच ठिकाणची इमारत, तिसरीकडचा रस्ता. प्रत्येक तुकडा खरा असतो, जुळणी मात्र चित्रकाराची.

नजरेचा कोनही एकच राहत नाही. कॅमेरा एका वेळी एकाच ठिकाणाहून बघतो. पटवर्धनांच्या चित्रात खालचा रस्ता वरून दिसतो, समोरची इमारत सरळ दिसते आणि बाजूची गल्ली वळून भलतीकडेच जाते. भारतीय लघुचित्रांत वाड्याचे अंगण वरून आणि माणसे समोरून दाखवण्याची रीत आहे. पुनर्जागरणाच्या आधीच्या इटालियन भित्तिचित्रांतही एकाच दृश्यात अख्खे नगर आणि त्यातले उद्योग मांडलेले असतात. पटवर्धनांची मांडणी या परंपरांच्या जवळची आहे.

यामुळे बघणाऱ्याला एका जागी उभे राहून सगळे शहर ताब्यात घेता येत नाही. चित्र बघताना डोळ्यांना चालावे लागते : जिना चढायचा, पूल ओलांडायचा, गल्लीत शिरायचे. शहरात राहणारा माणूस शहर असेच अनुभवतो. नकाशासारखे सगळे एकदम त्याच्या डोळ्यांपुढे कधी येत नाही.

विषय तिसरा : गिरण्या गेल्या, मग काय?

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. पुढच्या वर्षांत गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये आणि उंच इमारती आल्या.

ज्या चित्रकाराचा नायकच कामगार होता, त्याच्यासाठी हा बदल साधा नव्हता. संघटित कामगार म्हणून शहरात ज्याची ओळख होती, तो दिसेनासा होऊ लागला. तोच माणूस आता सुरक्षारक्षक झाला, फेरीवाला झाला किंवा गावी परतला.

२००१ मधले ‘लोअर परळ’ हे मोठे चित्र नेमके याच संधिकाळाचे आहे. रेल्वे, पूल, गिरणगावाच्या खुणा आणि नवे बांधकाम एकाच दृश्यात येते. चित्रात गळा काढलेला नाही आणि नव्या इमारतींचे कौतुकही नाही. जुने अजून पूर्ण गेलेले नाही, नवे येऊन उभे राहिले आहे आणि मधल्या जागेतून माणसे कामाला निघाली आहेत. आज लोअर परळला उतरून कार्यालय गाठणाऱ्या तरुणांसाठी हे चित्र म्हणजे पायाखालच्या जमिनीची आठवण आहे.

विषय चौथा : शेजाऱ्याची भीती

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या दंगलींनी मुंबई बदलली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यात ९०० माणसे मारली गेली. पटवर्धनांच्या चित्रांतही त्यानंतर काहीतरी मोडले.

त्याआधी त्यांच्या चित्रातली गर्दी म्हणजे एकत्र प्रवास करणारी, एकत्र राबणारी माणसे होती. ‘ट्रेन’मधले प्रवासी एकमेकांशी बोलत नसले तरी त्यांच्यात एक अबोल सोबत आहे. नव्वदच्या दशकातल्या ‘रायट’ आणि ‘शक’ या चित्रांची नावेच बदल सांगतात. तीच गर्दी आता एखाद्यावर तुटून पडू शकते. तोच शेजारी आता संशयाने बघू शकतो.

बघणाऱ्याचा जुना प्रश्न इथे जास्त टोकदार होतो. दंगलीत बाजूला उभे राहून बघणारा माणूस निर्दोष असतो का? ‘सामान्य माणूस’ या शब्दावरचा भाबडा विश्वास या चित्रांत उरलेला नाही.

विषय पाचवा : खिडकी आणि घर

पुढच्या काळात पटवर्धन घराच्या आत वळले. म्हातारपण, आजारपण, कुटुंबातली जवळीक आणि अबोला हे विषय आले. २०११ मधल्या त्यांच्या प्रदर्शनाचे नावच ‘फॅमिली फिक्शन’ होते. स्वतः चित्रकार आणि त्याचा स्टुडिओ हेही चित्राचा विषय झाले.

या चित्रांत खिडकी, बाल्कनी, दार आणि आरसा यांना मोठे काम आहे. आतला माणूस आणि बाहेरचे शहर यांच्यामध्ये ती एक चौकट असते. दवाखान्यातली तपासणी, कॅनव्हास, खिडकी : तिन्हीकडे कुणीतरी अलीकडून पलीकडे बघत असते. आपण नेमके कुठे उभे राहून बघतो, हे पटवर्धन आता लपवत नाहीत. मध्यमवर्गीय घर, त्यातली सोय, त्यातली सुरक्षितता सगळे चित्रात आहे. कामगाराला बघणाऱ्या माणसावर त्यांनी इथे नजर उलटवली आहे.

रंग, रेषा आणि आकार

- माध्यम : सुरुवातीच्या दशकांत मुख्यतः तैलरंग, नंतर अॅक्रिलिक. याशिवाय कागदावरची भरपूर रेखाटने.
- रंग : धूळ, सिमेंट, गंज, विटा यांच्या जवळचे रंग. त्यात मधेच एखादा निळा पत्रा किंवा लाल कपडा डोळ्यांत भरतो. नजर कुठे जावी, हे त्यातून ठरते.
- रेखाटन : त्यांच्या कामाचा कणा. रस्त्यावर पाहिलेली उभे राहण्याची, बसण्याची, ओझे उचलण्याची ढब रेखाटनांतून चित्रात येते.
- अनेक पटले : मोठी शहरचित्रे अनेकदा शेजारी शेजारी लावलेल्या कॅनव्हासवर उभी राहतात. ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’ सात पटलांचे आहे. एका पटलातून दुसऱ्यात जाताना शहराचा वेगळा थर आणि वेगळा काळ भेटतो.

चित्र ज्यांचे, त्यांच्यापर्यंत पोहोचले का?

पटवर्धनांच्या कामावरचा सगळ्यात अवघड आक्षेप हाच आहे. चित्रे कामगारांची, पण ती राहतात संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या भिंतींवर. या आक्षेपाला चित्रातून पूर्ण उत्तर देता येत नाही, कारण तो कलेच्या बाजाराबद्दल आहे.

त्यांनी यावर चित्राबाहेरही काम केले आहे. २००८ च्या सुमारास त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन घडवले. त्यात अनेक चित्रकारांच्या मूळ कलाकृती महाराष्ट्रातल्या अशा शहरांत नेल्या गेल्या, जिथे आधुनिक चित्रे फक्त छापील रूपात पाहायला मिळत. चित्रकलेवर मराठीतून लिहिणे-बोलणेही त्यांनी चालू ठेवले.

एवढ्याने दरी बुजत नाही. पण ‘हे आपल्याला कळणार नाही’ म्हणून कलादालनाच्या बाहेरूनच परत जाणाऱ्या माणसासाठी निदान एक दार उघडते.

प्रत्यक्ष चित्र पाहताना

मोबाइलच्या पडद्यावर ही चित्रे अर्धीच कळतात, कारण त्यांचा मोठा आकार हाच त्यांच्या म्हणण्याचा भाग आहे. तरीही पडद्यावर किंवा कलादालनात पाहताना काही गोष्टी ध्यानात ठेवता येतील.

१. आधी एकच माणूस निवडा. तो कुठून आला असेल आणि कुठे निघाला असेल, हे चित्रातल्या वाटांवरून शोधा.

२. चित्रकार कुठे उभा असेल ते ठरवा. मग ती जागा चित्रात कुठे कुठे बदलते, ते पाहा.

३. चित्रातले कोण बाहेर, म्हणजे तुमच्याकडे बघते आहे, ते शोधा. बऱ्याचदा कुणीच बघत नसते. ती माणसे आपापल्या कामात असतात.

४. शेवटी, चित्रात नसलेला माणूस आठवा. हे घर, हा पूल, ही इमारत कुणी बांधली असेल?

अलीकडच्या चित्रांत पटवर्धनांचे शहर आणखी अस्वस्थ झाले आहे. त्यात बांधलेल्या इमारतींबरोबर कोसळलेल्या इमारतीही येतात. सत्तरच्या दशकात कॅनव्हासभर पसरलेला तो जाडजूड, थकलेला माणूस आता त्या पसाऱ्यात कुठेतरी लहानसा दिसतो. पण तो अजून आहे, आणि चित्र त्याला शोधायला लावते. रोजच्या प्रवासात शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा नीट पाहावे, एवढीच या चित्रांची मागणी आहे. गर्दीच्या शहरात तीही लहान नाही.